कावळ्याला दिलेला शब्द

कावळा काही केल्या खाली येईना.

संगम माहुलीच्या घाटावर सुभेदार लालासाहेबांच्या दहाव्याला जमलेली माणसं उन्हानं आणि भुकेनं पार कोमेजून गेली होती. पिंडाशेजारी पत्रावळीवर सगळं सुभेदारांच्या आवडीचं मांडलं होतं. मोड आलेले उकडलेले मूग, बिनमिठाचं बीट, नाचणीची आंबील आणि भिजवलेली मेथी. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या रक्तात साखर निघाली, तेव्हापासून ते हेच खात आले होते, आणि घरादारालाही त्यांनी हेच खायला लावलं होतं. समोरच्या पिंपळावर दोन कावळे होते. त्यांनी एकदा पत्रावळीकडं पाहिलं, मग एकमेकांकडं पाहिलं आणि चोचीनं पिसं साफ करायला घेतली.

"विच्छा राहिलीया कायतरी," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. ते सगळ्यांनाच कळत होतं. कसली राहिली ते कळत नव्हतं.

मुलगा ऋषिराज पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आबा, मेढ्याचं रान मी विकणार न्हाई." कावळ्यानं पायानं मान खाजवली. सून रेश्मा म्हणाली, "मामंजी, तुमचे पळायचे बूट तसेच ठेवीन, रोज पुसून." कावळा ढिम्म. मग पलटणीतला एक जुना सोबती पुढं आला आणि टाच जुळवून त्यानं खणखणीत सलाम ठोकला. तेव्हा मात्र दोन्ही कावळे दचकले आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसले.

गुरुजींनी घड्याळाकडं पाहिलं. "दर्भाचा कावळा करू या का? शास्त्रात तशी सोय आहे."

"न्हाई," सुभेदारांची बायको शालूबाई म्हणाली. मघापासून ती पत्रावळीकडं एकटक बघत बसली होती. "खरा कावळा शिवल्याबिगार मी हितनं उठणार न्हाई." एवढं बोलून तिनं आणखी काही सांगायला तोंड उघडलं, भोवतीच्या पाव्हण्यारावळ्यांवर नजर टाकली आणि तोंड मिटून घेतलं.

हे फक्त नाथाजीनं पाहिलं. नाथाजी तिचा धाकटा भाऊ, सांगलीतला हळदीचा अडत्या. देहानं भरलेल्या पोत्यासारखा. साखर त्यालाही होती. पहाटे सांगलीहून निघताना घेतलेल्या बिनसाखरेच्या चहावर तो उभा होता आणि आता त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून आमटीचा वास येत होता. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत त्यानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली.

"दाजी! तुमची ती घाटाची शर्यत राहिली न्हवं? ती मी पळतो! तुमच्या जागी मी पळतो, पर आता या खाली!"

आणि कावळा आला. पिंपळावरून सरळ पिंडावर उतरला, भाताला चोच मारली, बिटाला न शिवता उडून गेला. बायकांनी डोळे पुसले. ऋषिराजनं मामाचे पाय धरले. गुरुजींनी पिशवी आवरली. नाथाजी त्या दिवशी पोटभर जेवला आणि गाडीत बसल्या बसल्या झोपला. कराड मागं पडलं तेव्हा त्याला जाग आली, आणि आपण काय बोलून बसलो ते समजलं.

घाटाची शर्यत म्हणजे साताऱ्यातनं निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वरच्या पठारावरून वळायचं आणि पुन्हा साताऱ्यात उतरायचं. तरणीताठी पोरं ती पळून आली की दोन दिवस जिना उतरताना भिंत धरतात. लालासाहेब रोज पहाटे अंधारात उठून तो घाट पळायला जायचे आणि उजाडल्यावर घामानं निथळत परत यायचे. साऱ्या साताऱ्यात त्यांचं नाव होतं. शाळाशाळांतून बोलावून त्यांच्याकडून शिस्तीवर भाषणं करवून घेत. दरवर्षी ते शर्यतीत नाव घालायचे, आणि दरवर्षी ऐन वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी गुडघा, कधी पुतणीचं लग्न. "तयारी अजून पुरी न्हाई," असं म्हणून ते पुन्हा वर्षभर पळायचे. यंदा नक्की, असं म्हणाले होते. मग एका सकाळी अंगणात पायाची नखं काढता काढता कलंडले.

घरी आल्यावर नाथाजी अंधारातच खाटेवर बसून राहिला. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याची बायको मंदा जाऊन चार पावसाळे झाले होते, मुलगा बंगळूरला होता, दोन वेळा डबा यायचा. मंदाच्या दहाव्याला गुरुजींनी पिंड ठेवून हात मागं घ्यायच्या आतच कावळा आला होता. "तृप्त गेली हो," म्हणून सगळ्यांनी वाखाणलं होतं. नाथाजीला मात्र ते लागलं होतं. इतका संसार केला, आणि थोडा वेळ घुटमळावं असं तिचं मागं काहीच राहिलं नाही?

दुसऱ्या दिवशी त्यानं गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, ह्याच्यावर काय दान वगैरे? बुटाचा जोड देऊ का कुणाला?"

"शब्द तुम्ही कावळ्याला दिलाय," गुरुजी म्हणाले. "मला दिला असता तर मी सोडवला असता."

मग तो मिरजेला गेला. मिरजेत एवढे डॉक्टर आहेत, त्यातला एखादा तरी पळू नका म्हणेल अशी त्याची खात्री होती. डॉक्टरांनी त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला वायरी लावल्या, कागद उलटसुलट करून पाहिला. नाथाजी आशेनं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"काका, हृदय ठणठणीत आहे."

"नीट बघा की डॉक्टर. चढताना धाप लागती."

"ती पोटानं लागते. रोज पळायला लागा, निम्म्या गोळ्या बंद होतील. पळायचं आधी कुणी सुचवलं तुम्हाला?"

"कावळ्यानं," नाथाजी म्हणाला आणि सदऱ्याची बटणं लावली.

शेवटचा आधार होता अजीमभाईचा. हळदीच्या पेठेत दोघांची दुकानं लागूनच, तीस वर्षांचा शेजार. अजीमभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "शेठ, गप बसा. कुणाला बोलू नका. पाऊसपाणी सुरू झालं की लोक इसरत्यात." नाथाजीला बरं वाटलं. पण अजीमभाईच्या पोटात काही राहत नाही हे तो तीस वर्षांच्या शेजारानंतरही विसरला होता. आठवडा संपायच्या आत पेठेच्या तोंडाशी फलक लागला. त्यावर नाथाजीचा लग्नातला फोटो, खाली पळणाऱ्या माणसाचे पाय आणि 'आपल्या पेठेची शान' अशी अक्षरं. हमालसुद्धा त्याला बघून पोतं खाली ठेवायचे आणि विचारायचे, "शेठ, किती झालं आज?"

"साखरेचं सरबत पाजून मारलं असतंस तर बरं झालं असतं रं मुडद्या," नाथाजी अजीमभाईला म्हणाला, "हे काय केलंस?"

"आवं, आता मागं फिरायची वाट बंद केली तुमची. आता पळाल तुमी."

आणि दुसऱ्याच पहाटेपासून अक्काचा फोन सुरू झाला. शालूबाईला माहेरी सगळे अक्काच म्हणत. कोंबडं आरवायच्या आधी सातारहून घंटी वाजायची.

"नाथा, उठलास का?"

"पाऊस हाय अक्का."

"ह्ये म्हणायचे, पाऊस भाईर न्हाई पडत, डोस्क्यात पडतो. बूट घाल."

जन्मभर नवऱ्याच्या पळण्यावर करवादलेली अक्का आता त्याचं एकेक वाक्य धडा म्हटल्यासारखी म्हणून दाखवायची. ऐकत नव्हती असं सगळ्यांना वाटायचं, पण सगळं तिच्या कानात साठून राहिलं होतं. "आधी पाय दमत न्हाईत, आधी डोस्कं दमतं. डोस्कं म्हणतं मरतोय, तवा समजायचं अजून लय शिल्लक हाय." किंवा, "डोस्क्याला पुरा रस्ता सांगायचाच न्हाई. म्होरच्या खांबापतूर चाललोय म्हणायचं. खांब आला की दुसरा खांब."

नाथाजी हरिपूरच्या रस्त्यानं पळायचा. उजवीकडं कृष्णा, डोक्यावर चिंचेची झाडं, अंधार आणि चिखल. त्याच्या वडलांची हळद साठवायची जमिनीतली खोल पेवं हरिपुरात होती. लहानपणी वडील त्याला दोरानं पेवात उतरवायचे, आधी कंदील सोडून हवा आहे का बघायचे. अक्का काठावर ओणवी होऊन हाका मारत राहायची, म्हणजे त्याला भीती वाटू नये. पेवं आता महापुरात बुजून गेली. पण पहाटेच्या अंधारात पळताना नाथाजीला पुन्हा त्या पेवात उतरल्यासारखं व्हायचं. कोंदट काळोख, आपल्याच श्वासाचा आवाज, आणि वर कुठंतरी अक्काची हाक.

खांबांची युक्ती मात्र त्याला जमेना, कारण नाथाजीचं डोकं अडत्याचं होतं. खांब म्हटलं की ते सौदा सुरू करायचं. त्याच्या वडलांच्या काळी हळदीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, बाहेर उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. तसंच आता त्याच्या आत चालायचं. डोकं म्हणायचं, पुढच्या खांबाला बसू. नाथाजी म्हणायचा, तीन खांब. डोकं म्हणायचं, गिऱ्हाईक मरेल अशानं, एक. नाथाजी म्हणायचा, बरं दोन, पण चिंचेपासून मोजायचे. आणि दोन खांब झाले की डोकं शब्द फिरवायचं, किंवा तो फिरवायचा. बाहेरून बघणाऱ्याला एक जाडा माणूस तोंडानं पुटपुटत चिखलातून चाललेला दिसायचा.

अजीमभाई स्कूटरवरून मागोमाग यायचा, पाठीमागून दिवा दाखवत. त्यानं फलक लावला होता, त्यामुळं आता त्याचीही अब्रू अडकली होती.

"शेठ, ह्ये पळणं न्हाई, ह्ये तर वरात चाललीया."

"तू उतर की खाली. बसून बोलायला काय जातंय?"

"मी रोजं धरतो, मला ठावं हाय सारं. सकाळी पोट बोलतं, दुपारी डोकं बोलतं. दोघांचंबी ऐकलं न्हाई की संध्याकाळी दोघंबी गप पडत्यात. खरी भूक येगळी शेठ, आपल्याला सवयीचीच भूक लागती."

"मला खरी लागलीया."

"ती तर दहाव्यालाबी खरीच लागली हुती. म्हणून तर हितं हाय आपण."

श्रावण गेला. नाथाजीचा पट्टा आत सरकला. रस्ता लांबत गेला तसं त्याला एक उमगलं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पळणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते परत येऊन कुलूप उघडणं. अंगात ऊब असायची, सांगायला काहीतरी असायचं आणि घरात ऐकायला कुणी नसायचं. डोक्यात जो सौदा चालायचा, त्यातला पलीकडचा आवाज हळूहळू ओळखीचा वाटायला लागला. 'बसा की जरा, एवढं काय पेटलंय?' असं मंदाच म्हणायची. ते ध्यानात आलं त्या दिवशी नाथाजी चिंचेखाली थांबला, आणि अजीमभाईनं काही न विचारता दिवा बंद केला.

शर्यतीच्या दिवशी साताऱ्यावर दाट धुकं होतं. ऋषिराजनं मामाच्या छातीवर पिना लावून कागद बसवला. त्यावर आकडा आणि खाली मोठ्या अक्षरात नाव : लालासाहेब.

"नाव बदलून मिळालं न्हाई मामा. आबांच्याच नावानं पळा."

"चांगलंच हाय," अक्का म्हणाली. पांढऱ्या पातळात ती कठड्याशी उभी होती. तिनं भावाच्या कपाळाला अंगारा लावला. "त्येंची वाट सोडू नगं."

नाथाजीला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

घाट सुरू झाला तसे सगळे पुढं निघून गेले. रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं, पाण्याचे पेले घेऊन उभी असलेली माणसं छातीवरचं नाव वाचून ओरडायची, "शाब्बास लालासाहेब!" "दम सोडू नका लालासाहेब!" मेलेल्या माणसाला असं उत्तेजन मिळताना ऐकून नाथाजीच्या अंगावर काटा यायचा. एक कॉलेजचा पोरगा त्याच्याबरोबर आला, धापा टाकत म्हणाला, "काका, आमच्या शाळेत शिस्तीवर भाषण दिलं होतं ते लालासाहेब तुम्हीच का?"

"न्हाई. ते वारले."

पोरानं एकदा कागदावरचं नाव वाचलं, एकदा धुक्याकडं पाहिलं, आणि पुढचं वळण त्यानं असं काही गाठलं की पुन्हा दिसला नाही.

निम्मा घाट चढेपर्यंत नाथाजीचे पाय लाकडाचे झाले होते. डोकं रुमालाखाली बोटं दाबत होतं, आणि आता त्याच्याकडं द्यायला भाव उरला नव्हता. वळणावर एक ताडपत्रीचं छप्पर दिसलं, चुलीचा धूर दिसला. कुणीतरी पुन्हा ओरडलं, "चला लालासाहेब!" तशी छपरातून एक म्हातारी हातात झारा घेऊन बाहेर धावली.

"आलं का सुभेदार? कुठं हायत? आवं किती दिस झालं, मला वाटलं रुसलं माज्यावर!"

नाथाजी थांबला. "तुमी ओळखता त्येंना?"

"मी राहीबाई. माजं म्हायार मेढ्याकडंच, त्येंच्याच गावाजवळ. रोज पहाटं यायचे की. त्येंचं बाकडं कुणाला बसू देत न्हाई मी अजून." तिनं कडेचं फळीचं बाकडं दाखवलं. "एक प्लेट मिरचीची, एक कांद्याची. मग वर चा. साखर घालून."

"आन् मग वर पळत जायचे? पठारावर?"

"छ्या! हितनं म्होरं सुभेदारांनी कवा पाऊल टाकलं न्हाई. हितंच बसायचे खाली सातारा बघत. उजाडलं की नळावर डोस्कं भिजवायचे, सदरा भिजवायचे आन् खाली पळत जायचे. घाम दिसाया पायजे म्हणायचे."

नाथाजी बाकड्यावर बसला. उकडलेले मूग, बिनमिठाचं बीट, शाळेतली भाषणं, पाऊस डोस्क्यात पडतो. दाजींची शर्यत दरवर्षी का राहत होती ते आता त्याला कळलं. ती भज्याच्या कढईपाशी संपत होती. आणि खाली अक्का उभी होती, पांढऱ्या पातळात, नवऱ्याच्या नावाचं पदक न्यायला.

"राहीबाई," तो म्हणाला, "सुभेदार वारले. मी त्येंचा म्हेवणा."

राहीबाईनं झारा कढईच्या काठावर ठेवला. कढईतली भजी करपली, तशी तिनं ती बाहेर काढून टाकली, नवी सोडली आणि नाक ओढून म्हणाली, "बसा. त्येंची प्लेट वाढते."

नाथाजीनं विचार केला. शब्द काय दिला होता? 'तुमची शर्यत तुमच्या जागी पळतो.' दाजींची शर्यत इथवरच होती. शब्दात कुठं खोट निघत नव्हती. त्यानं मिरचीची प्लेट संपवली, कांद्याची संपवली, चहा घेतला, साखर घालून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच डोक्यातला सौदा थांबला होता. मग मागून येणारी गाडी आली, दमलेल्यांना गोळा करणारी. नाथाजीनं अस्तनीनं तोंड पुसलं आणि गाडीत चढला. अक्काला ह्यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, हे त्यानं घाट उतरता उतरता पक्कं केलं.

अक्का कठड्यापाशीच होती. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"पाय मुरगळला अक्का. लय वंगाळ मुरगळला. न्हाईतर झालीच हुती बघ पुरी."

"कुठला?"

नाथाजीनं दोन्ही पायांकडं पाहिलं. "ह्यो."

"गाडीतनं उतरताना दुसऱ्यावर लंगडत हुतास." तिनं त्याची अस्तनी दोन बोटांत धरली. "आन् ह्यो डाग कसला?"

"हळदीचा. आमचा धंदाच तसला."

"हळदीचा डाग उन्हात वाळवला की उडतो, नाथा. तेलाचा उडत न्हाई. लय वर्सं धुतलंय मी असलं सदरं." ती अस्तनी तशीच धरून राहिली. "मिरचीची हुती का कांद्याची?"

"दोनी," नाथाजी म्हणाला. "म्हंजी तुला ठावं हुतं?"

"भज्याचं छप्पर घाटात एकच हाय."

"मग दहाव्याला बोलायचं न्हाई का? पार ऊन डोक्यावर आलं, कावळा बसला वर!"

"काय बोलू? सलाम ठोकणारी माणसं म्होरं उभी. त्येंच्या देखत म्हणू, भजी आणा? साऱ्या सातारनं शिस्त शिकली त्येंच्याकडनं. त्येंची आब त्येंच्या दहाव्यालाच घालवू?" अक्कानं पदर सारखा केला. "मग तू वरडलास, शर्यत पळतो. कावळ्याला कळलं आसंल, शर्यत म्हंजी कुठली वाट ती. कुणीतरी त्या बाकड्यावर जाऊन बसायला पायजे हुतं."

"गाडीनं गेलो असतो की एका दिवसात! पावसाळाभर मला चिखलात पळवलंस?"

"तुला दुसरं काय काम हुतं? मंदा गेल्यापास्नं गादीवरनं उठला न्हाईस."

ऋषिराज गाडी काढून आला. अक्का पुढं बसली आणि म्हणाली, "घाटातनं घे." ऋषिराजनं आईकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं, आणि गाडी घाटाकडं वळवली. शर्यत संपली होती, रस्ता मोकळा झाला होता, कडेला चुरगळलेले कागदी पेले पडले होते. पहिलं वळण गेल्यावर नाथाजी मागून म्हणाला, "अक्का, मंदाचा कावळा लगीच आला हुता."

"येणारच. ती तोंडानं मागायची. साडी पायजे म्हणली की आणूस्तोवर तुला जेवू द्यायची न्हाई. तिचं मागायचं राहिलंच काय?" अक्का काचेतून बाहेर बघत होती. "ह्येंनी माज्याकडं आयुष्यात भजी मागितली न्हाई. तेल बंद म्हणून एकदा बोलून बसले. मग बोललेलं मागं कसं घेणार?"

"आन् तू बी इतकी वर्सं उकडलेलंच खात बसलीस."

"मी?" अक्का म्हणाली. "ह्येंनी दार वढून घेतलं की मी शेगडी पेटवायची. कांद्याची. मिरची मला सोसत न्हाई."

ऋषिराजची गाडी जरा डुलली.

"दाजींना वास यायचा न्हाई?"

"त्येंच्याच अंगाला त्योच वास. कसा यील?"

राहीबाईला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिनं बाकडं पुसलं आणि अक्काला बसवलं. धुकं आता फाटलं होतं आणि खाली सातारा उन्हात पसरला होता. अक्का बघत बसली. मग तिनं बोट केलं. "नाथा, ती बघ, माज्या सैपाकघराची खिडकी."

"व्हय," राहीबाई कढईपाशून म्हणाली. "रोज बघायचे सुभेदार. अंधारात दिवा लागला की म्हणायचे, उठली बघा आमची, देवाला बसली. त्यो दिवा दिसला की मगच प्लेट मागायचे."

प्लेट आली. अक्कानं एक भजं उचललं, कठड्यावर नेऊन ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. विजेच्या तारेवर एक कावळा बसला होता. नाथाजी, ऋषिराज, राहीबाई, सगळे श्वास रोखून त्याच्याकडं बघत राहिले. कावळ्यानं भज्याकडं पाहिलं. मान वळवली. चोचीनं पिसं साफ करायला घेतली.

"न्हाई यायचा," अक्का म्हणाली. "आता कशाला यील?"

तिनं थोडी वाट पाहिली. मग कठड्यावरचं भजं उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि निम्मं मोडून नाथाजीच्या हातावर ठेवलं.

"खा. गार झालं की चव जाती."